टोपीवर पाखरू असलेला रुपया

बाळू, तू गेल्याला आज एकोणीस दिवस झाले आणि माझा तुझ्यावरचा राग अजून गेलेला नाही. लोक म्हणतात, गेलेल्या माणसावर रागावू नये, त्याला पुढं जायला जड जातं. जाऊ दे जड. दुकानात बसल्या बसल्या, डोळ्याला भिंग तसंच, समोर कुणाचं तरी मनगटी घड्याळ उघडं पडलेलं, आणि तू मान टाकलीस. मी तिसगावाहून एस.टी.नं पोचेपर्यंत सगळं आटोपत आलं होतं. थोरल्या बहिणीच्या आधी धाकट्या भावानं निघायचं, ही कुठली रीत? पण राग तेवढ्यासाठी नाही. आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय, आणि त्यातला शेवटचा शब्द माझा होता.

"चोर आहेस तू," असं मी तुला म्हटलं. संक्रांतीला, तुझ्याच घरात, शांताच्या, तुझ्या बायकोच्या देखत. त्यानंतर आपली गाठ पडली नाही.

तेराव्याला माणसं पुष्कळ चांगलं बोलली. बाळकृष्णरावांचा हात लागला की मेलेलं घड्याळ चालायचं, कुणाला नाडलं नाही, शब्दाचा पक्का माणूस. मी मान हलवत होते. खरंच होतं ते. माझ्या शाळेचं भिंतीवरचं घड्याळ तू अकरा वर्षं फुकट चालवलंस. त्याच्यासाठी तिसगावापर्यंत हेलपाटे घातलेस आणि वर शाळेतल्या पोरांना घड्याळाचं पोट उघडून दाखवलंस. पण शब्दाचा पक्का असं कुणी म्हटलं की माझी हलणारी मान थांबायची. एका म्हातारीला दिलेला शब्द तू मोडला होतास, आणि ते सगळ्या नगरात फक्त मला आणि शांताला माहीत होतं. तिची वस्तू काल मी पोचवून आले. कसं कसं झालं ते सांगते. तुला मधेच बोलायची खोड. या खेपेला सगळं ऐकून घे.

तुला हा नाणी जमवायचा नाद लागला त्याला मी साक्षी आहे. दुसरी लढाई चालू होती. इंग्रजांनी हिंदुस्थानात सापडले तेवढे जर्मन गोळा करून नगरच्या कॅम्पात आणून ठेवले होते. कुणी डॉक्टर, कुणी व्यापारी, कुणी पाद्री. तू नुकतंच कापडबाजाराच्या बोळात दुकान टाकलं होतंस. पहाऱ्यावरचा एक शिपाई त्यांच्यातल्या एकाचं खिशातलं घड्याळ घेऊन आला. तू ते चालू करून दिलंस, आणि मजुरी म्हणून त्या जर्मनानं शिपायाच्या हाती एक चांदीचं नाणं धाडलं. पाच मार्काचं. पुढं मिशांचे आकडे वर वळवलेला राजा, मागं पंख पसरलेला गरुड. तू ते आठवडाभर खिशात घेऊन हिंडलास. नाण्याच्या कडेवर बारीक अक्षरं होती, ती लावायला जुन्या बाजारातून एक फाटका कोश आणलास, आणि एक दिवस धावत माझ्याकडं आलास.

"अक्का, कडेला काय लिहिलंय माहितीये? देव आमच्याबरोबर आहे."

"ते सगळेच लिहितात," मी म्हटलं. "देवाला विचारलंय का कुणी?"

तू हसून हसून खाली बसलास. पुढं कितीतरी वर्षं तू ते माझं बोलणं गिऱ्हाइकांना सांगायचास.

मग तू काही थांबला नाहीस. सराफांच्या मोडीतून, मुंबईच्या चोरबाजारातून, बोटीवर काम करून आलेल्या माणसांकडून एकेक नाणं यायला लागलं. हॅम्बुर्गचा किल्ला आणि त्याला धरून उभे दोन सिंह. फ्रँकफुर्टची केस बांधलेली बाई. ती मला फार आवडायची, तुला ठाऊक आहे. सागवानी पेटीत तू चौकोनी खण केलेस, प्रत्येक खणात मखमलीचा तुकडा आणि खाली चिठ्ठी, हे कुठलं, कुणाच्या हातून आलं. लोक चेष्टा करायचे. आपल्याकडं जर्मन म्हटलं की अ‍ॅल्युमिनियमची पातेलीच डोळ्यापुढं येतात. आमच्या हेडमास्तरांनी एकदा मला गंभीर चेहऱ्यानं विचारलं होतं, "बाई, तुमचे बंधू जर्मनची नाणी जमवतात म्हणे. गंजत नाहीत ना?" तुला सांगितलं तेव्हा तू म्हणालास, "त्यांना सांग, आम्ही त्यांत भात शिजवतो."

नाणं घासायचं नाही हा तुझा दंडक. एका दिवाळीला मी घरातली चांदी घासायला काढली, त्यात तुझी चार नाणीही चिंच आणि राखुंडी लावून लख्ख करून ठेवली. म्हटलं, भाऊ खूश होईल. तू ती बघितलीस आणि ताटावरून उठलास. "अक्का, तू त्यांचं वय धुऊन टाकलंस," एवढंच म्हणालास. मला तेव्हा ते नाटकी वाटलं. चांदी काळी पडली की घासायची असते, एवढंच आपल्या आईनं शिकवलं होतं.

आणि भाऊबीज! ओवाळून झालं की तबकात तू मोठ्या ऐटीत एखादं जर्मन नाणं टाकायचास. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी सुरुवात व्हायची, "अक्का, ते जरा बघायला दे गं." बघायला म्हणून नेलेलं ते परत पेटीत जायचं आणि माझ्या हातावर नोट यायची. शांता तोंडाला पदर लावून हसायची. घातलेली ओवाळणी परत मागणारा भाऊ अख्ख्या जिल्ह्यात माझ्याच वाट्याला आला होता. मी तुला मेल्या म्हणायची, कंजूष म्हणायची, आणि दर वर्षी मुकाट्यानं नाणं परत द्यायची. तुझ्या हातून नाणं सुटत नाही, हे मी हसण्यावारी नेलं. तिथं माझं चुकलं.

त्याहून मोठी चूक पुढं केली. सोनाबाईची गोष्ट तुला सांगितली मीच.

तीन दिवाळ्या झाल्या त्याला. मी कुसुमच्या सासरी गेले होते, पारनेरच्या पुढं. माझी लेक ज्या घरात दिली त्या घराच्या मागंच सोनाबाईचं घर. सत्तरीची एकटी बाई, दोन खणांचं घर, अंगण आरशासारखं. कुसुमनं फराळाचं ताट द्यायला मला धाडलं. आत देवाऱ्याशी टेकले. आपल्या सगळ्यांकडं असतात तसे तिच्या देवाऱ्यात टाक होते, खंडोबाचा, भवानीचा, घराण्यातल्या गेलेल्या माणसांचे, चांदीच्या पत्र्यावर ठोकलेले. त्या ओळीत शेवटी एक गोल नाणं उभं केलेलं. कुंकवानं लाल झालेलं. त्यावर एक मिशीवाला शिपाई, डोक्यावर लोखंडी टोपी, आणि टोपीवर पंख उघडलेलं पाखरू.

"हे कोण?" मी विचारलं.

"ह्ये आमचं मालक," ती म्हणाली. "पैल्या लढाईत आफ्रिकेला गेलं, तिकडंच ऱ्हायलं. लढाईत गेलेलं मानूस वीर म्हून देवाऱ्यात बसवत्यात, म्हून बसवलं."

मला भडभडून आलं आणि गंमतही वाटली. बिचारीला वाटतंय नाण्यावर आपला नवराच आहे! ही गंमत मी भाऊबीजेला तुला सांगितली. उचलली जीभ लावली टाळ्याला. तू पानावरून मान वर केलीस.

"टोपीवर पाखरू? नीट आठव, अक्का. पंख उघडे? आणि मागं काय होतं? सिंह होता का? ताडाचं झाड?"

"मी काय देवाऱ्यातला टाक उलटून बघू?"

चौथ्या दिवशी तू दुकानाला कुलूप घालून पारनेरची एस.टी. धरलीस.

पुढचं मला तुझ्याकडूनच कळलं, आणि तेही तुकड्यातुकड्यानं. ते नाणं जर्मनांनी आफ्रिकेतल्या आपल्या मुलखासाठी पाडलेला रुपया होता. आपल्या राणीछाप रुपयाइतकाच, बरोबर एक तोळा. तू ते वीस वर्षं शोधत होतास, मुंबईत मिळालं नव्हतं, आणि इथं एका म्हातारीच्या देवाऱ्यात उभं होतं. तू तिला सांगितलंस, "आजी, हा झिजलाय. मी तुम्हाला छान नवा टाक घडवून आणतो. हा नमुन्याला नेतो आणि परत देतो." तिनं काढून दिला. महिन्यानं तू घोड्यावर बसलेल्या वीराचा टाक घेऊन गेलास, चांगला जड. आणि रुपया? "जुनी चांदी ह्यातच घातली, आजी," असं सांगून तू मोकळा झालास. रुपया नगरात तुझ्याजवळ होता.

हे मला कळलं तेव्हापासून आपण भांडतोय. दोन वर्षं, जेव्हा भेटलो तेव्हा.

तुझ्याकडं कारणं काही कमी नव्हती. "अक्का, तो शिपाई कोण आहे माहीत आहे का? कैसर. जर्मनीचा बादशहा. सोनाबाईचा नवरा ज्यांच्याशी लढताना मेला त्यांचा राजा! आणि ती रोज सकाळी त्याला आंघोळ घालून कुंकू लावते. हे तुला बरं वाटतं?"

"मग तिला सांगितलंस का तसं?"

"कसं सांगू?"

"मग तिच्यासाठी नेला म्हणू नकोस. स्वतःसाठी नेलास."

कधी म्हणायचास, तिच्या मागं कोण आहे? पुतण्या उद्या तो मोडीत घालील. दुष्काळ पडल्यापासून सराफाच्या दुकानात काय काय येतंय ते तू रोज बघत होतास. तोडे, वाळे, पुतळ्या, रुपयांच्या माळा, सगळं मुशीत. "मी वाचवलंय ते नाणं," तू म्हणायचास, "इथं निदान त्याला कुणी ओळखणारा आहे." आणि एकदा अगदी हळू आवाजात म्हणालास, "तिचं कुंकूसुद्धा मी पुसलेलं नाही." त्या वेळी मला वाटलं, हा देणार. मी म्हटलं, "बाळू, उद्याच जाऊन ये." तू म्हणालास, "जातो." जातो जातो करत पावसाळा गेला. पाऊस तर आलाच नाही.

संक्रांतीला तिळगूळ घेऊन मी आले आणि पहिला प्रश्न तोच विचारला. तू चष्म्याची काच पुसत राहिलास. मग माझा तोल गेला. "आई-आबांनी हेच शिकवलं का तुला? देवाऱ्यातली वस्तू उचलायची? विधवा बाईशी खोटं बोलायचं? चोर आहेस तू, बाळू." शांता चुलीपाशी तशीच उभी राहिली. तू चष्मा चढवलास आणि माझी पिशवी उचललीस. मला स्टँडवर सोडायला आलास, पेरू घेतलेस, गाडीच्या खिडकीतून माझ्या मांडीवर ठेवलेस. मी तोंड फिरवून बसले. गाडी हलली तेव्हा तू खाली उभा होतास, हे मला डोळ्याच्या कडेनं दिसत होतं. वळून बघितलं असतं तर माझं काय गेलं असतं?

तुझं दहावं झाल्यावर मी शांताला म्हटलं, पेटी उघड. एकेक खण बघितला. तुझा गरुड होता, किल्ला होता, माझी केस बांधलेली बाई होती. टोपीवाला नव्हता. विकलास की काय? नाण्यांच्या कुणा व्यापाऱ्याला? म्हटलं, आता सोनाबाईपुढं कोणत्या तोंडानं जायचं? मी पेटी पुन्हा उपसली, दुकानातले डबे उपसले, घड्याळांच्या चाकांत हात घालून बघितलं. शांता नुसती बघत होती.

"वन्सं, काय शोधताय?"

सांगितलं तेव्हा ती उठली आणि कपाटातून एक पुडी घेऊन आली. "हे त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होतं. त्या दिवशी. मी उघडून बघितलं नाही, वाटलं, कुणा गिऱ्हाइकाचं काही असेल."

कागदाच्या पुडीत तो रुपया होता, कुंकवासकट. पेटीत त्याला तू खणच केला नव्हतास. मला काही उमगेना. वरच्या खिशात घेऊन का हिंडत होतास? मी मनाशी म्हटलं, एवढा जीव जडलाय की क्षणभर दूर ठेववत नव्हता याला. जित्याची खोड. असं म्हटलं बघ मी तुला, तू जाऊन दहा दिवस झालेले असताना.

तेरावं झालं, पाहुणे गेले, आणि काल मी पारनेरची गाडी धरली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना दुष्काळी कामावरची माणसं खडी फोडत होती, बायकांनी पदर तोंडाला बांधलेले. सगळ्या वाटेनं मी बोलायची तयारी करत होते. आजी, माझ्या भावाचं चुकलं. आजी, त्याला क्षमा करा. नुसतं क्षमा करा म्हणायचं, की कैसरचंही सांगून टाकायचं? ज्याला पुजता तो तुमचा माणूस नव्हे, हे तिला कळायला नको का? मी मास्तरीण, खरं काय ते सांगायची सवय. पारनेर आलं तरी माझं ठरत नव्हतं.

सोनाबाई दारातच बसली होती, डाळ निवडत. तिनं मला ओळखलं. मी पाणीसुद्धा न पिता पदराची गाठ सोडली आणि रुपया तिच्यापुढं धरला.

तिनं घेतला. डोळ्यांजवळ नेला. नखानं टोपीच्या खाचेत जरासं उकरलं आणि नख बघितलं.

"माझंच कुंकू हाय अजून," ती म्हणाली. मग, "घड्याळवालं न्हाई आलं?"

सांगितलं. तिनं डाळीचं सूप बाजूला ठेवलं. म्हणाली, "आरं द्येवा. होळीच्या आधी तर आल्तं."

"कोण?" मी म्हटलं. "माझा भाऊ? इथं?"

"व्हय की. टाक दिला त्याच्यामागारी तीनदा आलं, दोनदा संक्रांतीच्या आधी, येकदा मागनं. दर खेपेला चापत्ती आनायची, साकर आनायची. हितं बसायचं. खिशात हात घालायचं, पुन्यांदा काढायचं. मला दिसत हुतं की. खोटं बोलायची सवय न्हवती वो त्यांना. रुपया ह्यातच घातला म्हनलं तवा माज्याकडं बगितलंच न्हाई, देवाऱ्याकडं बगत हुतं. मी म्हनलं, असू द्या. देतील. मानसाला नाद लागला का येळ लागतो."

"मग तुम्ही मागितला का नाही?"

"माज्या वस्तूवर दुसऱ्या कुनाचा एवडा जीव बसल्याला मी बगितलाच न्हवता, बाई. घरच्यांनी म्हनायचं, कशाला त्यो परक्याचा रुपया पुजती. घड्याळवाल्यांनी मातूर कसा हातात धरल्ता, तळव्यावर. जनू दुखंल त्याला." ती थोडी हसली. "होळीच्या आधी आल्तं तवा लई येळ बसलं. म्हनलं, आजी, एक बोलायचं हाय. मी म्हनलं, बोला. तर म्हनत्यात, पान्याचं कसं चाललंय?"

बाळू, मी तिच्या ओट्यावर बसले होते आणि मला तू दिसत होतास. खिशात हात घालणारा, काढणारा. माझ्या संक्रांतीच्या त्या बोलण्याआधी तू दोनदा जाऊन आला होतास. मग मला का नाही सांगितलंस? मी चोर म्हणाले तेव्हा तोंड का नाही उघडलंस? "अक्का, मी गेलो होतो, जमलं नाही," एवढं म्हणायला काय झालं होतं? की माझ्या जिभेनं तुला बोलायला जागाच ठेवली नव्हती? नाकानं कांदे सोलत होते मी. देवाऱ्यातला रुपया तू नेलास, पण त्याची वाट तुला दाखवली ती मीच, आणि वर तुलाच चोर म्हटलं. हे तुला विचारायचं आणि हे तुला सांगायचं, दोन्ही राहून गेलं.

मग मी तिला ते सांगायला घेतलं. वाटलं, निदान तुझी बाजू मांडावी. "आजी, एक ऐका. रागावू नका. या रुपयावरचा माणूस..."

"जर्मनाचा राजा हाय," ती म्हणाली. "मला ठाव हाय."

"तुम्हाला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"ज्यांनी आनून दिला ना, मालकांच्या बरूबरचं शिपाई, त्यांनी तवाच सांगितलं. म्हनलं, ह्यो दुश्मनाच्या मुलखातला रुपया, तुज्या मानसाच्या खिशात सापडला, दुसरं काय न्हाई. मी तवा पंदरा वर्साची. एक सालभर नांदले न्हवं का. फोटू न्हाई, हाड न्हाई, कापड न्हाई. त्यांच्या अंगाला लागल्याली वस्तू म्हंजी ह्यो येक रुपया. राजा कुनाचा का असंना, बाई. त्यांच्या खिशात हुता."

तू तिला सांगायला भीत होतास, मी सांगायला निघाले होते, आणि ती आपल्या दोघांच्या पुढं पन्नास वर्षं होती. मी तिला बिचारी म्हटलं होतं. तू म्हणालास, नाणं ओळखणारा कुणीतरी हवा. तिच्याइतकं ते कोण ओळखत होतं? तुला हे ऐकायला मिळालं असतं तर तू काय म्हणाला असतास, याचा मी परतीच्या गाडीत फार विचार केला. तू नुसतं भिंग काढून ठेवलं असतंस आणि तिच्याकडं बघत राहिला असतास.

तिनं तांब्यातलं थोडं पाणी ताम्हनात ओतलं. पाण्याची एवढी टंचाई, हंडाभर पाण्यासाठी मैलभर जायचं, तरी ओतलं. रुपया धुतला, हलक्या हातानं, कुंकू सगळं जाऊ न देता. पुसला, नवं कुंकू लावलं आणि ओळीत शेवटी, तू दिलेल्या घोड्यावरच्या वीराशेजारी उभा केला. तो वीरही तिनं रोज पुजला होता. मी म्हटलं, "आता हा नवा टाक काढून ठेवला तरी चालेल, आजी. त्यात तुमच्या मालकांचं काही नाही."

"त्यो कशाला काढायचा?" ती म्हणाली. "त्यो तुमच्या भावाचा. त्यांनी हातानं आनून बसवलाय. मानूस गेलं, आता त्यांचाच टाक झाला की त्यो."

मी निघायला उठले, तेव्हा तिनं हाक मारली. "बाई, नाव काय हुतं त्यांचं?"

पाच वेळा तिच्या घरी जाऊन आलास आणि तिला नावसुद्धा सांगितलं नव्हतंस. लाज वाटली असेल.

"बाळकृष्ण," मी म्हटलं. "आम्ही बाळू म्हणायचो."

"बाळू," तिनं म्हणून बघितलं. "निवद दाखवताना नाव घ्यायला लागतं. मालकांचं तर कदी घेतलं न्हाई मी, घ्यायचं नसतं. नुसते हात जोडते. तुमच्या भावाचं घेता येईल."

मग ती देवाऱ्याकडं वळली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि घरात कुणी आल्यावर बोलावं तशी साध्या आवाजात म्हणाली, "बाळूभाऊ, या. बसा आता हितं. कुटं जाऊ नगा."

मी तिथंच उंबऱ्यात बसले आणि रडले, बाळू. शांतापुढं रडले नाही, तेराव्याला रडले नाही, त्या परक्या बाईच्या उंबऱ्यात ओक्साबोक्शी रडले. ती जवळ येऊन बसली आणि पाठीवरून हात फिरवत राहिली.

मी तुला चोर म्हटलं होतं. ती तुला भाऊ म्हणाली. तू माझं ऐकू नकोस. तिचं ऐक.